जुन्या गुणांचे ओझे

सन १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी नाव दाखल केले, ही हकीकत मराठी घरांतून आजही अभिमानाने सांगितली जाते. त्यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती, की गुणपत्रिकांची चळत नव्हती. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांच्याशी झालेला पत्रव्यवहार आणि शिकण्याची विलक्षण तळमळ, एवढीच त्यांची शिदोरी होती. तीन वर्षांनी, १८८६ साली, त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

आज त्याच देशात वैद्यकीय महाविद्यालयाच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या तरुणास मात्र आपल्या विद्यार्थिदशेचा सारा जमाखर्च मांडून दाखवावा लागतो. त्यांत न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्निया येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही असतात. नातू पदवीधर झाला, तरी पुन्हा जीवशास्त्राच्या वर्गात का जाऊन बसला आहे, हे पुण्यास वा नागपुरास राहणाऱ्या आजीआजोबांना उमगत नाही. नापास झालेला नसूनही तो मागे का पडला, आणि मागे पडलेल्यास पुढे येण्याचा मार्ग तेथे कोणता आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण जुन्या अपयशाचे काय करावयाचे, हा प्रश्न केवळ अमेरिकेतील मुलांचा नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील पुष्कळशा वैद्यकीय शाळा म्हणजे फी घेऊन चालविलेली दुकानेच होती. या स्थितीस पहिला मोठा धक्का दिला तो बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने. तेथील वैद्यकीय शाळा १८९३ साली उघडली तेव्हाच तिने प्रवेशासाठी पदवीची अट घातली. पुढे १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडा येथील १५५ शाळांची पाहणी करून आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. त्यानंतरच्या वर्षांत कित्येक निकृष्ट शाळा बंद पडल्या वा दुसऱ्या संस्थांत विलीन झाल्या, आणि वैद्यकाचा अभ्यास हा महाविद्यालयीन शिक्षणानंतरचा अभ्यास ठरत गेला.

या सुधारणेने रोग्याचे कल्याण झाले, यात शंका नाही. परंतु तिचा एक परिणाम विद्यार्थ्याच्या वाट्यास आला. अमेरिकेत सामान्यतः चार वर्षांचे पदवीशिक्षण झाल्यावर वैद्यकाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू होतो. साहजिकच, अठराव्या वर्षी प्रथमच घर सोडून वसतिगृहात राहावयास गेलेल्या मुलाने पहिल्या सहामाहीत रसायनशास्त्रात जे दिवे लावले असतील, तेही बाविसाव्या वर्षी त्याच्या अर्जासोबत निवड समितीपुढे जातात.

ते कसे जातात, हेही पाहिले पाहिजे. तेथे प्रत्येक विषयास काही श्रेयांक नेमून दिलेले असतात आणि विद्यार्थ्यास अंकांऐवजी अक्षरांनी श्रेणी मिळते. ‘ए’ श्रेणीस चार, ‘बी’स तीन, ‘सी’स दोन, ‘डी’स एक आणि ‘एफ’ला शून्य, असा हिशेब करून श्रेयांकांच्या प्रमाणात जी सरासरी निघते तिला जीपीए म्हणतात. १८७६ साली स्थापन झालेली अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना बहुसंख्य महाविद्यालयांसाठी अर्जांचे एक मध्यवर्ती कार्यालय चालविते. विद्यार्थी ज्या ज्या महाविद्यालयात एखादा विषय जरी शिकला असेल, त्या प्रत्येक ठिकाणची अधिकृत गुणपत्रिका तेथे पाठवावी लागते. कार्यालय ती अर्जाशी ताडून पाहते, सर्व विषयांची एक सरासरी काढते आणि जीवशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान व गणित यांची निराळी सरासरी काढते. एखादा विषय पुन्हा घेऊन त्यात उत्तम श्रेणी मिळविली, तरी पहिली श्रेणी पुसली जात नाही. दोन्ही हिशेबात धरल्या जातात. एखादे महाविद्यालय वा एखादा बिघडलेला विषय दडवून ठेवणे हा तर गंभीर अपराध समजला जातो.

या नियमास काही काळ एक पळवाट होती. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपॅथीची पहिली शाळा काढली. या परंपरेतील महाविद्यालयांचे पदवीधर आज अमेरिकेत इतर डॉक्टरांप्रमाणेच पूर्ण अधिकाराने व्यवसाय करतात. त्यांच्या अर्जांच्या कार्यालयात पुन्हा घेतलेल्या विषयाची नवी श्रेणी धरून जुनी सोडून देण्याची रीत होती. २०१७ साली ती बंद झाली. टेक्सस राज्यात मात्र तेथील रहिवाशांसाठी एक कायदा आहे. दहा वर्षांपूर्वीचे वा त्याहून जुने शिक्षण हिशेबात धरू नये, अशी मागणी त्याखाली करता येते. पण त्या सवलतीत निवड नाही. वाईट श्रेणी सोडून द्यावयाच्या तर त्या काळातील चांगल्या श्रेणीही आणि मिळविलेले श्रेयांकही सोडून द्यावे लागतात.

आता थोडे अंकगणित करणे अवश्य आहे. कारण निराशा आणि भ्रामक आशा, या दोहोंवर त्याच्याइतके गुणकारी औषध नाही. एका विद्यार्थ्याने १२० श्रेयांकांची पदवी २.८ सरासरीने मिळविली आहे, असे समजू. त्याच्या खाती ३३६ गुण जमा आहेत. पुढे एक वर्ष त्याने ३० श्रेयांकांचा अभ्यास केला आणि प्रत्येक विषयात ‘ए’ श्रेणी मिळविली, तर आणखी १२० गुण जमा होतात. एकूण ४५६ गुणांस १५० श्रेयांकांनी भागले असता सरासरी येते ३.०४. असेच निर्दोष दुसरे वर्ष गेले, तर ती होते ३.२. हीच सरासरी ३.५ वर न्यावयाची, तर १६८ श्रेयांकांचा निर्दोष अभ्यास हवा. म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक काळ. रांजणभर खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्याच्या घागरी ओतीत राहिले, तर खारटपणा कमी होतो, जात नाही. त्यातल्या त्यात विज्ञानविषयांची सरासरी लवकर हलते, कारण तिचा रांजण लहान असतो. चाळीस श्रेयांकांची २.७ सरासरी तीस श्रेयांकांच्या ३.९ सरासरीने ३.२ च्या वर जाते.

दुसऱ्या बाजूस, तेथे प्रवेश मिळविणाऱ्यांची एकूण सरासरी अलीकडच्या वर्षांत ३.७ च्या वर राहिली आहे. २०२३ साली या मध्यवर्ती कार्यालयाकडे ५२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांस प्रवेश मिळाला. तेव्हा केवळ सरासरी वर खेचून त्या रांगेत जाऊन बसू, हा बेत हिशेबातच टिकत नाही.

मग अशा विद्यार्थ्याने आशा सोडावी काय? तसे नाही. निवड समिती सरासरी पाहते, तसाच तिच्यामागील क्रमही पाहते. दोन विद्यार्थी घ्या. दोघांचीही सरासरी ३.३५ आहे. पहिल्याने पहिल्या वर्षी २.० मिळविले आणि पुढील तीन वर्षे ३.८ राखले. दुसऱ्याने तीन वर्षे ३.८ राखून शेवटच्या वर्षी २.० वर घसरण केली. कागदावर दोघांचा आकडा एकच. पण पहिल्याचा आलेख चढता, दुसऱ्याचा उतरता. वैद्यकाचा अभ्यास उद्या ज्यास करावयाचा आहे, त्याची आजची कुवत कोणती, हा समितीपुढील खरा प्रश्न असतो. कमकुवत पूर्वेतिहासाच्या विद्यार्थ्यास जुना आकडा बदलता येत नाही, परंतु या प्रश्नाचे उत्तर बदलता येते. त्याच्या सर्व प्रयत्नांचे सूत्र हेच असावे लागते.

या प्रयत्नांतील पहिली पायरी वर्गात नसून घरात आहे. गुण का बिघडले, याचा प्रामाणिक शोध घेणे ही ती पायरी होय. कोणी पोटासाठी रात्रपाळी करीत शिकलेला असतो. कोणाच्या घरी दीर्घ आजार असतो. कोणी शाळेत पाठांतरावर निभावून नेलेले असते आणि महाविद्यालयात ती युक्ती चालत नाही. कोणी वडिलांच्या हौसेखातर नको असलेला विषय घेतलेला असतो. यांपैकी प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. रात्रपाळी चालूच असेल, आजार तसाच असेल, अभ्यासाची रीत तीच असेल, तर पुन्हा वर्गात बसणे म्हणजे छप्पर गळते ठेवून जमीन पुसत राहणे होय. नव्याने मिळालेली एक ‘सी’ श्रेणी जुन्या तीनांपेक्षा अधिक नुकसान करते. कारण आता अननुभवाची सबब उरलेली नसते.

कारण सापडले आणि दूर झाले, म्हणजे दुसरी पायरी येते. पदवीनंतर पुन्हा पदवीपातळीचेच विषय घेण्याची सोय अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत आहे. अशा अभ्यासक्रमांत दोन प्रकारचे विद्यार्थी येतात. साहित्य वा अर्थशास्त्र शिकून नंतर वैद्यकाकडे वळलेले, ज्यांनी विज्ञानाचे विषय घेतलेच नव्हते, ते एक. आणि विषय घेतले होते, पण त्यांत गुण कमी पडले, ते दुसरे. या दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्याने पायाभूत विषयांत अगदीच कमी श्रेणी असेल तर तो विषय पुन्हा घ्यावा. परंतु जेथे पाया बरा आहे तेथे जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारखे वरचे विषय घ्यावे, हे अधिक श्रेयस्कर ठरते. आरंभी दोन विषय घेऊन आपली नवी रीत पारखावी आणि मग पूर्ण भार उचलावा. कारण एकेका विषयात मिळविलेली उत्तम श्रेणी आणि एकाच सहामाहीत चार अवघड विषयांत मिळविलेली उत्तम श्रेणी, यांचे मोल समितीच्या लेखी सारखे नसते.

तिसरा मार्ग पदव्युत्तर आहे. काही विद्यापीठांत, उदाहरणार्थ वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठात, अशा विद्यार्थ्यांसाठी खास अभ्यासक्रम चालतात. त्यांत वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचेच काही विषय, त्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर, शिकावे लागतात. येथील श्रेणी पदवीच्या सरासरीत मिसळत नाहीत; त्या स्वतंत्र दाखविल्या जातात. तेव्हा जुना आकडा होता तसाच राहतो, पण त्याच्या शेजारी एक सबळ पुरावा उभा राहतो. मात्र ही दुधारी तलवार आहे. या वर्षात जो चमकला त्याचे मागील अपयश पुष्कळसे झाकले जाते. जो येथेही कमी पडला, त्याच्याविरुद्धचा पुरावा त्याने स्वतःच, मोठी फी भरून, तयार केलेला असतो. म्हणून हा मार्ग शेवटचा समजावा, पहिला नव्हे.

याशिवाय सर्वांस द्यावी लागणारी एमकॅट नावाची प्रवेशपरीक्षा आहे. २०१५ पासून तिच्या नव्या स्वरूपात चार भाग असून गुण ४७२ पासून ५२८ पर्यंत असतात. परीक्षेत चांगले यश मिळविले म्हणजे मागील श्रेणी आपोआप माफ होतात, अशी एक गैरसमजूत आढळते. परीक्षेतील यश कुवत दाखविते. चार वर्षांच्या श्रेणी सातत्य दाखवितात. एकाची उणीव दुसऱ्याने अंशतःच भरून निघते. शिवाय ही परीक्षा सबंध आयुष्यात सात वेळांहून अधिक देता येत नाही, आणि प्रत्येक वेळचे गुण नोंदीत राहतात. तयारी नसताना ‘पाहू तरी’ म्हणून परीक्षेस बसणे हे येथे महागात पडते. अर्जाचेही तसेच. आणखी एक वर्ष थांबून केलेला एक सबळ अर्ज घाईने केलेल्या तीन दुबळ्या अर्जांपेक्षा चांगला.

अर्जात आपल्या मागील अपयशाविषयी काय लिहावे? थोडे लिहावे आणि खरे लिहावे. काय घडले, ते एका-दोन वाक्यांत सांगावे; त्यानंतर काय बदलले, ते सांगावे; आणि बदलाचा पुरावा श्रेणींना देऊ द्यावा. प्राध्यापकांना, नशिबाला वा घरच्यांना बोल लावणारा अर्ज वाचणाऱ्यास एवढेच सांगतो, की उद्या रुग्णालयात चूक घडली तर हा तरुण ती कोणाच्या माथी मारील.

येथे श्रोत्यांपैकी ज्यांची मुले भारतात शिकत आहेत, त्यांच्यासाठी एक खुलासा अवश्य आहे. हे सारे मार्ग मुख्यतः अमेरिकेतील नागरिकांसाठी व कायम रहिवाशांसाठी आहेत. परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज स्वीकारणारी वैद्यकीय महाविद्यालये तेथे थोडी आहेत, आणि तीही बहुधा अमेरिकेतील महाविद्यालयात काही काळ शिक्षण झालेले असावे अशी अट घालतात. येथे प्रवेश हुकला म्हणून तेथे जावे, हा सोपा मार्ग नव्हे.

भारतातील व्यवस्था जवळजवळ याच्या उलट आहे. बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र या विषयांत मिळून खुल्या वर्गासाठी ५० टक्के आणि राखीव वर्गांसाठी ४० टक्के गुण मिळाले, की बारावीच्या गुणांचे काम बव्हंशी संपते. यापुढे क्रम ठरतो तो नीट या एकाच परीक्षेने. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. ही परीक्षा मागचे काही विचारीत नाही. किती वेळा बसावे यावर बंधन नाही, आणि वयाची कमाल मर्यादाही २०२२ साली काढून टाकण्यात आली. बारावीस उंबरठ्याखाली राहिलेल्यास पुन्हा परीक्षा देऊन गुण सुधारता येतात. इतकेच नव्हे, तर बारावीस जीवशास्त्र घेतलेच नव्हते, त्यास तो विषय मान्यताप्राप्त मंडळातून नंतर उत्तीर्ण होऊन नीटला बसण्याची मुभा २०२३ साली मिळाली.

अमेरिकेची व्यवस्था काहीच विसरत नाही, पण विद्यार्थ्याचे ऐकून घेते. भारताची व्यवस्था सगळे विसरते, पण काहीच ऐकून घेत नाही. २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी नीटला बसले, आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. एवढ्या गर्दीत प्रत्येकाची कहाणी ऐकणे अशक्य आहे, हे खरे. पण त्यामुळे चार वर्षांचे सातत्य आणि एका दुपारचे नशीब यांतील भेद येथे उरत नाही. जुने ओझे नाही, म्हणून विद्यार्थी वर्षामागून वर्ष परीक्षेस बसत राहतो. आणि प्रत्येक वर्ष कोरे असल्यामुळे मागच्या वर्षी नेमके काय चुकले हे तपासण्याची सक्ती त्याच्यावर कोणीच करीत नाही. अमेरिकेतील विद्यार्थ्यास ही तपासणी समितीपुढे करावी लागते. येथील विद्यार्थ्यास ती स्वतःहून करावी लागेल. कोणत्या विषयात गुण गेले, न समजल्याने गेले की वेळ न पुरल्याने, अंदाजाने उत्तरे देण्याच्या सवयीने किती वजा झाले, याची नोंद न करता पुन्हा शिकवणीचे शुल्क भरणे हे तेच गळके छप्पर होय.

दोन्ही देशांत, सर्व उपाय करूनही, अनेकांना प्रवेश मिळत नाही. जागाच तेवढ्या असतात. म्हणून प्रयत्न सुरू करतानाच त्याची मुदत ठरवावी, आणि ती संपल्यावर पुढे काय याचा विचार घरातील सर्वांनी मिळून आधीच केलेला असावा. तसा तो केला नाही, तर विशीतील मोलाची वर्षे केवळ थांबणे अपमानास्पद वाटते म्हणून खर्ची पडतात.

या सर्वांत घरच्यांचा वाटा लहान नाही. कमी गुणांची पत्रिका घरात आली, की ती कपाटात जाते आणि नातलगांपुढे विषय बदलला जातो. मुलगाही तेच शिकतो. मग अर्जात ती झाकावयाची कशी, याच विवंचनेत त्याची बुद्धी खर्च होते. ती पत्रिका टेबलावर उघडी ठेवून आईवडिलांनी मुलाशेजारी बसावे आणि एकेक विषय घेऊन शांतपणे विचारावे, की येथे काय झाले होते. त्या प्रश्नाचे खरे उत्तर ज्या दिवशी मिळेल, त्या दिवसापासून सुधारणेस आरंभ झाला असे समजावे.